सगळ्या सीटांना मेणकापड

ऑपरेशननंतर बाबांना लघवीवर ताबा राहिला नाही. आमच्याकडे डब्लिनला आले आणि घरात बसले ते बसलेच. "तुझ्या गाडीची सीट खराब होईल," एवढंच म्हणायचे. सीटा फिक्या राखाडी, कापडी. आग लागो त्या सीटांना!

एकदा देवळात जायचं म्हणून मी त्यांच्या सीटवर कचऱ्याची पिशवी अंथरली, वर टॉवेल. बाबा बसले. पिशवी चुरचुरली. ते तसेच उतरले आणि खोलीत गेले. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

आता शनिवारी नातीचं शाळेत व्हायोलिन होतं. नवरा म्हणाला, "राहू दे, व्हिडिओ दाखवू त्यांना." म्हटलं, व्हिडिओ गेला खड्ड्यात, बाबा खुर्चीत बसून ऐकणार. हट्टीपणा मी त्यांच्याकडूनच घेतलाय.

शुक्रवारी सुट्टी टाकली. गॅरेजचं दार उघडं ठेवून कापडावर मारायचा स्प्रे सगळ्या सीटांवर दोन हात मारला. पण तो वरून सांडलेल्याला अडवतो. माणूस ओल्यावर बसला की वजनाने ओल आत जातेच. म्हणून बाळाच्या गादीखाली घालतात तसलं मऊ मेणकापड आणलं आणि सुती कव्हरांना आतून शिवलं. एका सीटला नाही, पाचही सीटांना. ड्रायव्हरच्यासुद्धा.

शनिवारी बाबांना गॅरेजमध्ये बोलावलं आणि त्यांच्यादेखत माझ्या सीटवर कपभर चहा ओतला.

"अगं, वेड लागलं का तुला!" बाबा ओरडले.

मी कव्हर काढलं. खालची सीट कोरडी ठणठणीत. त्यांनी हात फिरवून बघितलं, दाबून बघितलं. मी जादा शिवलेलं दुसरं कव्हर चढवलं.

"माझी सीट कुठली?"

"हवी ती घ्या. सगळ्या सारख्याच आहेत."

व्हायोलिन खांद्याला अडकवून लेक कधीची उभी. "आजोबा, वी आर सो लेट!"

बाबा पुढे बसले. कार्यक्रमभर नातीवरून नजर हलली नाही त्यांची. टाळ्या तर एवढ्या वाजवल्या की पुढच्या रांगेतली बाई वळून बघायला लागली.

घरी आलो. लेक आणि नवरा आत गेले. बाबा उतरेनात. मी इंजिन बंद केलं. आता हे पुन्हा खोलीत जाऊन बसणार, असं वाटलं.

"झालं गं," ते म्हणाले.

"होऊ दे की, बाबा."

ते सावकाश उतरले. वाकून स्वतःच कव्हराचं इलॅस्टिक सोडवलं, सीटवर तळवा ठेवून पाहिला. मग ती ओली गुंडाळी काखेत मारून मला म्हणाले, "उद्या देवळात जायचंय ना? वॉशिंग मशीन कसं लावायचं ते दाखव मला. सकाळपर्यंत वाळायला हवं हे."