काखेतलं कुत्रं

गेल्या सोमवारी दुपारी आमच्या नगरपालिकेच्या खिडकीवर एका हमालाच्या कुत्र्याला बिल्ला नाकारला. बिना बिल्ल्याचं कुत्रं रस्त्यावर दिसलं की पालिकेचा माणूस त्याला विष घालतो, आणि बिल्ला मिळतो फक्त जातिवंताला. आणीबाणी उठली, पण ही खिडकी अजून हुकूमच सोडते!

हमाल जतकडचा. नाव मला ठाऊक नाही, पण गुळाच्या पेठेत रोज दिसतो. पाचगणीच्या एका बंगल्यातल्या टेरियर कुत्रीचं हे आखूड पायांचं पिल्लू त्यानं वाढवलं; गोदामातले उंदीर तेच मारतं. खिडकीतल्या साहेबांनी भिंतीवरचा जातिवंत कुत्र्यांचा तक्ता दाखवला. त्यात टेरियर तीनच. स्कॉटिश टेरियर काळा, लांब तोंडाचा. वेस्ट हायलँड पांढराशुभ्र. केर्न कोल्ह्याच्या तोंडाचा, पण पांढरा कधीच नसतो. याचं अंग काळं, छाती पांढरी आणि तोंड कोल्ह्याचं.

"तिन्हींतलं एकही नाही," साहेब म्हणाले.

"आवं साहेब, गोदामातल्या उंदरांनी कवा तक्ता मागितला न्हाई," हमाल म्हणाला.

मी रांगेत त्याच्या मागंच होतो. बाहेर आल्यावर सुचवलं, "छातीला काजळी लावा, स्कॉटिश म्हणून खपेल."

त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "का रं गड्या? त्यानं काय चोरी केलीया व्हय, काळं फासाया?"

तेव्हापासून तो पाठीवर पोतं आणि डाव्या काखेत कुत्रं घेऊन चालतो. दमला तर भिंतीला टेकतो, पण कुत्र्याचा पाय रस्त्याला लागू देत नाही.

येत्या सोमवारी तो पुन्हा त्या खिडकीवर जाणार आहे, कुत्र्याला न रंगवता. तुमच्या दारातलं कुत्रं त्या तक्त्यात नसेल, तर ते उचला आणि त्याच्या मागं रांगेत उभे राहा.