सोडियमच्या दिव्याखालचा निळा रंग
सुप्याच्या आमच्या रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे काल उतरवले आणि मला कारखान्यातला तो दिवस आठवला. वायरी निवडणाऱ्या बायकांवर मी सुपरवायझर होते. जागा अपुरी पडते म्हणून मीच त्यांचं टेबल खिडकीजवळून हलवून शेडच्या मधोमध, छताला टांगलेल्या तसल्याच दिव्यांखाली नेलं होतं. आठवडाभरात माल परत आला. काळ्या वायरींच्या जुडीत निळ्या निघाल्या, आणि जुडीवर बांधणारीच्या नावाची चिठ्ठी होती, तिसगावकडच्या एका बाईची. "मॅडम, मी बघूनच बांधल्या. डोळे चांगले हायेत माझे," ती म्हणाली. "मग वायरींनी आपणहून रंग बदलला काय?" मी सगळ्यांदेखत विचारलं. बायका हसल्या. "उद्यापासून येऊ नकोस," म्हटल्यावर ती डबा उचलून निघून गेली. दुपारी लाईट गेली. परत आली तरी हे दिवे लगेच लागत नाहीत. आधी निवावे लागतात, मग सावकाश उजळतात. तोवर काम थांबायला नको म्हणून, तिच्या जागी बसून मी स्वतः बांधलेली एक जुडी दारातल्या उन्हात तपासायला नेली. तिच्यात चार निळ्या होत्या. त्या पिवळ्या उजेडात निळं काळंच दिसतं. साहेबांना सांगून मी टेबलावर ट्यूबलाइट लावून घेतल्या, कारण दिलं बायकांच्या सोयीचं. तिला परत बोलवायचं तर माझी चूक चारचौघांत सांगावी लागली असती. हजेरीच्या रजिस्टरात तिचा पत्ता होता. नोकरी सोडेपर्यंत ते रजिस्टर माझ्याच टेबलावर होतं, आणि तो पत्ता मला अजून पाठ आहे.