नाकवाले

चहाच्या कंपनीत त्यांना सगळे नाकवाले म्हणत, अगदी तोंडावर. त्यांनाही ते आवडायचं. लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग असायची. ते एकेक घोट तोंडात घोळवून थुंकायचे आणि तिथल्या तिथे निकाल द्यायचे. सत्तावीस वर्षांत तो निकाल कुणी फिरवला नव्हता. हाताखाली सख्खी भाची होती, तिलाही सूट नव्हती. घरी ती "मामा, तू" म्हणायची, ऑफिसात "सर, तुम्ही".

एकदा त्यांना साधा ताप आला. चार दिवसांनी उतरला, पण वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल, कदाचित येणारही नाही. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. पण एका सकाळी ते गॅसजवळ पेपर वाचत बसले होते आणि शेजारी दूध करपून काळं झालं. बायकोने येऊन गॅस बंद केला, खिडकी उघडली. काय समजायचं ते ती समजली. विषय मात्र काढला नाही.

पाच महिने ते रंगावर, पत्तीच्या पिळावर आणि अंदाजावर निकाल देत राहिले. निभावलं. मग एक मोठा माल आला. भाचीने कप खाली ठेवला आणि म्हणाली, याला कुबट वास येतोय. सगळ्यांसमोर म्हणाली, हेच त्यांना झोंबलं. त्यांनी पुन्हा कप हुंगला. काही नाही. नुसती वाफ.

"सर्दी झाली असेल तर घरी जा," ते म्हणाले. "इथे नाक लागतं."

लोक हसले. तिने दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला.

माल बाजारात गेला आणि तीन आठवड्यांत परत यायला लागला. मालकांनी सगळ्यांना बोलावलं. गोदामात ओल असेल, असं मालकच म्हणाले. नाकवाल्यांना नुसती मान डोलवायची होती. गोदामवाला भिंतीशी उभा होता. नाकवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना बसवेना.

"गोदामाचा दोष नाही," ते उठून म्हणाले. "वास भाचीला आला होता. मला सहा महिने झाले, कसलाच येत नाही."

त्याच दुपारी टेबल कायमचं सोडून ते भाचीकडे गेले. दारातच म्हणाले, "चुकलो मी."

"मला कळलं होतं, मामा," ती म्हणाली. "हुंगताना तू डोळे मिटतोस. त्या दिवशी उघडे होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलू दिलं असतंस?"

तिने खुर्ची पुढे सरकवली.

आठवड्याभरात कंपनीने तिला त्यांच्या जागेवर बोलावलं. तिने दोन दिवस विचार केला आणि गेली. त्यांचा वास परत आला नाही. महिनाभर त्यांनी चहाला हात लावला नाही. मग बायको न विचारता कप पुढे ठेवू लागली. ते पितात. कसा झालाय म्हणून तिने विचारलं, तर सांगतात, गरम आहे.