देवमन तेलगोटेची दीड पानं

सन बासष्टमध्ये तेल्हाऱ्याच्या बौद्धपुऱ्यात एक गोष्ट लहानथोरांना पक्की ठाऊक होती: चतुराबाईचा देवमन डॉक्टर होणार. कशाचा डॉक्टर, हे विचारायची कोणाला गरज वाटत नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत तो अमरावतीहून आला, तर शेजारची भागीरथाबाई गुडघा उघडा करून त्याच्यापुढे बसली.

"पाह्य रे बाप्पू, उठताना कडकड वाजते."

"मावशी, मी जागेचा डॉक्टर होऊन रायलो. गुडघ्याचा नाई."

"जागेचा? मंग बरं झालं. आमच्या घराच्या जागेचं पाह्य. तलाठी कागदच देत नाई."

चतुराबाई पदर तोंडाला लावून हसली. तिला देवमननं सांगून ठेवलं होतं. चटई गुंडाळली तर वाकडी दिसते, पण उलगडली की जमिनीला सपाट बसते. म्हणजे ती मुळात सपाटच. संत्र्याचं साल मात्र दाबून सपाट करायला गेलं की फाटतं. ते मुळातच वाकडं. दिसायला वाकडं काय आणि खरोखर वाकडं काय, हे आकड्यांनी ओळखायचं, त्या शास्त्रात देवमन शिरला होता. हे सारं विश्व, ग्रह, तारे, उजेड, ज्या जागेत आहेत ती जागा कशी वाकली आहे, ते काढायचं. चतुराबाईनं एवढंच विचारलं होतं, "हे काढून कोनाचं पोट भरते?" आणि तो म्हणाला होता, "माहं." ते उत्तर तिला पटलं.

शाळा तेल्हाऱ्यात, हायस्कूल अकोल्यात, पुढचं सगळं अमरावतीत. छप्पन साली नागपूरला वस्तीबरोबर जाऊन धम्म घेतला आणि परत येऊन गणितात पहिला वर्ग काढला. आता नागपूर विद्यापीठात पीएचडीसाठी नाव नोंदवलं होतं आणि अमरावतीच्या एका कॉलेजात प्राध्यापक वामनराव त्याचे मार्गदर्शक होते.

वामनराव माणूस वाईट होता असं म्हणणं सोपं आहे, पण ते खोटं होईल. फळ्यावर त्यांचा हात असा चालायचा की पोरं लिहायची विसरत. त्यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांत बसणारं एक नवं विश्व शोधलं होतं. फुगणारं, लाटा उठणारं, आणि त्याचं सूत्र अर्धा फळा अडवणारं. त्यावर त्यांचा निबंध छापून आला, गावात शाल-श्रीफळ झालं, टांगेवालेसुद्धा त्यांना 'विश्ववाले सर' म्हणू लागले. देवमनच्या प्रबंधातली चारही प्रकरणं त्याच विश्वावर उभी होती. त्या विश्वात कण कसा पडेल, किरण कसा वळेल, तीन वर्षांचा हिशेब. प्रबंध बांधायला जाण्याच्या बेतात होता.

ठिणगी पडली चहाच्या वेळी. विभागात शनिवारी व्याख्यान असायचं, मग चहा. सहनिर्देशकांची, म्हणजे जागेतल्या बिंदूंना नावं देण्याच्या पद्धतीची गोष्ट निघाली. वामनराव बशीत चहा ओतत सहज म्हणाले, "नावं बदलून जागा बदलत नाही, तेलगोटे. तुमच्या लोकांनी नागपूरला हेच लक्षात घेतलं नाही."

दोघं-तिघं हसले. देवमननं कप तसाच खाली ठेवला आणि तो खोलीकडे निघाला.

खोलीवर येऊन त्यानं चपला भिरकावल्या. खोलीत त्याच्याबरोबर किसन राहायचा. चांदूर रेल्वेचा, घरी काळी जमीन, कपाशी, बैलजोड्या, आणि तोही वामनरावांकडेच शिकणारा.

"काहून बे, कोनाशी भांडून आला?"

"अजून नाई भांडलो. म्हने नावं बदलून काही बदलत नाई. मंग काय बदलत नाई अन् काय बदलते, ते मोजूनच पाहतो."

नावं कितीही बदला, जे बदलत नाही ते जागेचं खरं वाकणं. ते वीस घटकांत मोजतात. सरांच्या विश्वाचं वाकणं किती, हे देवमननं आजवर कधी काढलंच नव्हतं. सरांनी निबंधात लिहिलं होतं, "वक्रता शून्य नाही हे उघड आहे." अर्धा फळा भरणारं सूत्र पाहून कोणालाही ते उघडच वाटलं असतं. देवमननं तेच वाक्य आपल्या पहिल्या प्रकरणात जसंच्या तसं उतरवलं होतं. गुरूचं वाक्य तपासायचं नसतं, पाठ करायचं असतं, ही आपल्याकडची जुनी खोड. आणि ती मोडायला निघालेल्या पोराच्याही हाडात ती होतीच.

त्यानं पहिला घटक काढला. शून्य. चूक झाली समजून पुन्हा काढला. शून्य. दुसरा शून्य, तिसरा शून्य. किसन चुलीवर भात टाकून बसला होता, तो उठून आला आणि त्यानं वेगळ्या कागदावर स्वतः करून पाहिलं. भात करपला. वीसच्या वीस घटक शून्य निघाले.

वामनरावांचं विश्व म्हणजे गुंडाळलेली चटई होती. अगदी साधी, सपाट, रिकामी जागा. फक्त नावं अशी अवघड दिली होती की ती फुगल्यासारखी, लाटा उठल्यासारखी दिसावी. समीकरणांत बसते, हे खरं. पण रिकामी जागा त्या समीकरणांत फुकटातच बसते.

देवमन आधी सरांच्याच घरी गेला. चव्हाट्यावर बोलण्याआधी माणसाला एकट्याला सांगावं, एवढी रीत चतुराबाईनं शिकवली होती. वामनरावांनी कागद वाचले. ते गणिती होते. त्यांना समजायला वेळ लागला नाही. चष्मा काढून ते म्हणाले,

"हे कोणाला दाखवलंत?"

"किसनला."

"ठीक. तुमचा प्रबंध तयार आहे. परीक्षक माझे स्नेही आहेत. उन्हाळ्यात पदवी मिळेल. माझ्या निबंधाची दुरुस्ती मी छापायला देईन, सवडीनं."

"आणि माझी प्रकरणं, सर?"

"त्यातली आकडेमोड बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. पण आत काही नाही."

"बरोबर आहे ना? मग झालं."

किसन बाहेर थांबला होता, परतताना रस्त्यानं तो त्याला समजावत होता. "लेका, सही घे आधी. डॉक्टर झाला का मंग पायजे तेवढा भांड. आमच्या चांदूरले म्हनतेत, गाडीत बसल्याबिगर गार्डाशी भांडू नये."

"गाडीत बसून भांडलो तर गार्ड म्हनन, याचं तिकीटच खोटं."

"कोन पाहते बे तिकीट?"

"माहं सगळे पाहतीन. तुह्या पदवीत भोक निघालं तर म्हनतीन, किसन चुकला. माह्या पदवीत निघालं तर म्हनतीन, यायले अशाच देतेत वाटून. मंग माह्या मागून येनाऱ्या पोट्ट्यानं काय करावं?"



पुढच्या शनिवारी देवमनचं व्याख्यान होतं. नागपूरहून तेच स्नेही परीक्षक आले होते. रिवाज असा की विद्यार्थ्यानं इंग्रजीत बोलायचं, सरांचे आभार मानायचे, आणि कोणी प्रश्न विचारायचा नाही. देवमननं फळ्यावर सरांचं सूत्र लिहिलं, त्याखाली नव्या नावांच्या चार ओळी लिहिल्या, आणि ते अर्धा फळा अडवणारं सूत्र आटून एका ओळीत आलं. पहिल्या वर्षाच्या पोरानंही ओळखावी अशी सपाट जागा.

"तेलगोटे," वामनराव बसल्या जागेवरून म्हणाले, "तुम्ही चौथ्या प्रकरणावर बोलणार होतात."

"चौथं पहिल्यावर उभं आहे, सर. पहिलं पडलं."

"म्हणजे नावं बदलून तुम्ही माझं विश्व नाहीसं केलंत!"

कोणीतरी हसलं. तिथे देवमनची शिकलेली भाषा गळून पडली, इंग्रजीही आणि पुस्तकी मराठीही.

"नाई सर. नावं बदलून काहीच नाहीसं होत नाई, हे तुमीच मले चहा पेताना सांगतलं. तुमच्या जागेत वाकनं नव्हतंच. मी फक्त मोजलं. अन् आमचं म्हनान तर, आमी नुसतं नाव बदलून घरी नाई बसलो. गावात ढोर मेलं तर आमच्यातलं कोनी वढत नाई, छप्पनपासून नाई. त्यापायी एक अख्खा हंगाम वस्तीले कोनी मजुरीले बलावलं नाई, तरी नाई. खोटं वाटत असन तर तेल्हाऱ्याले जा, अन् मोजून या."

आभार न मानता त्यानं खडू ठेवला. टाळी एकच वाजली. किसनची. त्या एका टाळीनं किसनचंही पुढं नुकसान झालं, हे लिहून ठेवायला हवं.

परीक्षक गाडी गाठायला गेले. वामनरावांनी मार्गदर्शन सोडलं, नोंदणी गेली, आणि कॉलेजाचा पत्ता वापरायचा नाही असा निरोप आला. देवमन अकोल्याच्या एका शाळेत मास्तर झाला. वस्तीत कोणी म्हणालं, डोकं फिरलं याचं. कोणी म्हणालं, तोंड आवरलं असतं तर. त्यानं तोंड आवरलं नाही. फक्त तोंडातलं कागदावर आणलं. अकोल्यात कचेरीसमोर बसणाऱ्या टायपिस्टाकडून दीड पान इंग्रजी टाईप करून घेतलं, यंत्रात नसलेली चिन्हं स्वतः शाईनं भरली आणि कलकत्त्याच्या एका गणिताच्या मासिकाला पाठवून दिलं. नावाखाली पत्ता द्यायचा होता. कॉलेज तर नाही. त्यानं लिहिलं: तेल्हारा, जिल्हा अकोला.

चौसष्टच्या उन्हाळ्यात ते छापून आलं. पदवी त्याला पुढं अडुसष्टला मिळाली, नव्यानं नोंदणी करून आणि नव्याच विषयावर: वेगवेगळ्या वेषांतल्या दोन जागा मुळात एकच आहेत की नाहीत, हे ओळखायचं कसं. पण त्या उन्हाळ्यात हातात होती ती दीड पानं, आणि त्यांच्यामागून आलेलं एक पोस्टकार्ड. नागपूरच्या रामराव नावाच्या प्राध्यापकांनी तेल्हाऱ्याच्या पत्त्यावर पाठवलेलं: तुमचा निबंध वाचला, मार्गदर्शक दिसत नाही, हवा असल्यास येऊन भेटा, मात्र सुरुवात पहिल्यापासून करावी लागेल.

चतुराबाई मासिक उलटंसुलटं पाहत होती. "याच्यात आपलं गाव कुठी हाय?"

देवमननं अनुक्रमणिकेतल्या लेखकांच्या पत्त्यांत बोट ठेवलं. वर बनारस होतं, खाली लंडन होतं.

"एवढंसंच? मोठ्ठं छापाले काय झालं त्यायले?" तिनं ते भागीरथाबाईला दाखवलं, तिनं पुढच्या घरी नेलं, आणि मासिक दुपारभर परत आलं नाही.

"बाई," देवमन आईला म्हणाला, "त्या नागपूरच्या सायबाकडे गेलो तर आणखी चार-पाच वर्स जातीन."

"जाऊ दे. वर्स काय, अशेही जातेत." ती ज्वारी पाखडत होती, सूप थांबलं नाही. "पन या खेपेले त्या सायबाले पयलेच सांगून टाक, का पोट्टं भांडखोर हाय. मांगून कटकट नको."

देवमननं रामरावांच्या दारात उभं राहून, खुर्चीवर बसण्याआधी, तेवढंच आधी सांगितलं.