तुरळक ठिकाणी

लातूरच्या एका केबल वाहिनीवर मी सतरा वर्षं हवामान सांगते आहे. बाजारात, बँकेत, दवाखान्याच्या रांगेत लोक मला नावानं ओळखत नाहीत. "पावसाच्या बाई" म्हणतात.

माहेर नांदेडचं. वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी गोदावरीवरून परत येताना चुलतकाकांनी मला बाजूला घेतलं. वाटलं, धीर देतील. ते म्हणाले, "माय, हळद वाळत घातलीय. दोन दिवस उघडीप हाय का?" मी डोळे पुसले आणि आहे म्हणून सांगितलं. तेव्हा राग आला नव्हता. आता मात्र कुणी "उद्या काय?" विचारलं की उत्तर द्यायचाच कंटाळा येतो.

गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. हवामान खात्याच्या पत्रकात लिहिलं होतं, मुख्यतः कोरडे, तुरळक ठिकाणी पाऊस. त्या संध्याकाळी जाहिराती फार होत्या. काचेपलीकडून आमचे संचालक हातानं आवरा, आवरा करत होते. मी पावसाचा भाग गाळला. "चार दिवस कोरडे" म्हणून मोकळी झाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी चाकूर तालुक्यात तासभर पाऊस कोसळला.

पुढच्या आठवड्यात तिकडच्याच एका शाळेत पर्जन्यमापक कसा वाचायचा ते दाखवायला गेले होते. कार्यक्रम संपला तसं एक शेतकरी बाई पुढे आल्या. वयानं माझ्याएवढ्याच. त्यांच्या ओंजळीत सोयाबीन होतं. काळं पडलेलं, काही दाण्यांना मोड आलेले.

"तुम्ही कोरडं म्हणलात म्हणून सोयाबीनची गंजी झाकली न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "घरचे म्हणत होते झाकू. मीच म्हणलं, बाई सांगायल्यात की."

अंदाज हा अंदाजच असतो, हे उत्तर माझ्या तोंडात इतकी वर्षं तयार असायचं. त्या दिवशी ते बाहेर आलं नाही.

"पत्रकात पाऊस होता," मी म्हणाले. "मीच वाचला नाही."

त्यांनी दाणे पदराच्या टोकात बांधले. मग म्हणाल्या, "तर तेच टीव्हीवर सांगा. घरात समदे मला बोलायलेत."

मी त्यांना माझा नंबर दिला आणि परतल्यावर संचालकांना विचारलं, चूक प्रसारणात सांगू का. ते चिडले. "माफी मागितली तर उद्या तुमचं कोण ऐकंल? गप बसा, बाई."

मी गप्प बसले नाही. थेट प्रसारण होतं. नकाशा दाखवायच्या आधी मी सांगितलं, की गेल्या आठवड्यात पावसाची सूचना होती, ती मी वाचली नाही, आणि ज्यांनी माझ्यावर विसंबून माल उघडा ठेवला त्यांची चूक नव्हती. काचेपलीकडे बघितलंच नाही.

त्यानंतर मला थेट बसवत नाहीत. दुपारीच माझं हवामान चित्रित करून ठेवतात, संचालक आधी तपासतात. ते काही वावगं नाही, एवढंच स्वतःला सांगते.

दोन दिवसांनी त्या बाईंचा फोन आला. "ऐकलं समद्यांनी. सासूबाई काय बोलल्या न्हाईत." मग त्यांनी विचारलं, "आता हरभरा पेरावा का वो?"

"कृषी सहायकांना विचारा ना."

"त्यांना इचारलं. तुम्हालाबी इचारते."

मी खुर्चीत बसले. पत्रक पुढ्यात ओढलं.

"रानात ओल किती खोल आहे?" मी विचारलं.