साडूंसमोर वाढणारं बीपी

बोगादीच्या माझ्या रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकासाठी रंग मिसळत होतो, तेव्हा बायकोचा, शीलाचा, फोन आला. "भावजी गेले," एवढंच म्हणाली. यंत्र फिरत होतं, ते मी थांबवलं नाही. रंग पुरा घुसळून झाला, झाकण ठोकलं, डबा गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि मग शटर ओढलं... काही आठवडे झाले, तरी मी तसा का वागलो ते मला नीट सांगता येत नाही.

सदानंदराव माझे साडू, शीलाच्या थोरल्या बहिणीचे, वत्सलाताईंचे यजमान. नर्सिंग कॉलेजात शिकवायचे आणि कॉलेज सुटलं तरी त्यांचं शिकवणं सुटायचं नाही. लॅबचा रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक आधी त्यांच्याकडे जायचे. तीन महिन्यांची साखर म्हणजे काय, ठळक छापलेला प्रत्येक आकडा आजार का नसतो, हे ते इतकं सोपं करून सांगायचे की घाबरत आलेला माणूस हसत परत जायचा. मी त्या घरचा धाकटा जावई. मला लोक विचारायचे ते भिंतीला कुठला रंग शोभेल एवढंच, आणि शेवटी लावायचे दुसराच.

रविवारी आम्ही सगळे बन्नीमंटपला सासूबाईंकडे जमायचो. दुपारी सदानंदराव बीपीचं यंत्र काढायचे. आधी बीपी, मग कॉफी, हा त्यांचा नियम. कुणी आधी प्यायलंच तर त्याला अर्धा तास थांबवायचे. "पाठ टेकवा, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, हात छातीच्या उंचीला. आणि पाच मिनिटं बोलायचं नाही." एरवी कन्नड आणि मराठी एकाच वेळी वाहणारं ते घर गप्प व्हायचं. सासूबाई आम्हालाच दटावायच्या, "सुम्ने बसा रे. सदानंद मोजतोय." माझं एक वाक्य त्या घरात कुणी पुरं ऐकून घेतलेलं मला आठवत नाही.

माझं बीपी तिथं नेहमी जास्त यायचं. "मोहनराव, पुन्हा एकदा बघू," म्हणत ते पट्टा परत बांधायचे आणि शीला माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघायची. मला खात्री होती, हा आकडा माझा नाही, यांच्यामुळे चढतो. एकदा बोलूनही गेलो, "तुम्ही समोर नसलात की माझं बरोबर असतं." सगळे हसले. तेही हसले आणि म्हणाले, "असेलही. काहींचं डॉक्टरांसमोरच वाढतं. मग मला बाजूला काढा ना. आठवडाभर घरीच मोजा, सकाळ-संध्याकाळ. मला आकडे नका सांगू, डॉक्टरांना दाखवा."

मी वेगळं यंत्र आणलं, दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवलं आणि त्यांना खोटं पाडायला मोजत बसलो. ते तिथं नव्हते. आकडा तसाच होता.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली. तीही मी दुकानातच ठेवली. घरी कळलं असतं तर शीला म्हणाली असती, "भावजींनी सांगितलं म्हणून बरं." ते वाक्य मला नको होतं. सदानंदराव भेटले की विचारायचे, "मोहनराव, गोळीचं काय?" मी म्हणायचो, "बघू." मग ते न चिडता परत समजवायचे... बीपी दुखत नाही, पण आत मेंदूला, मूत्रपिंडांना त्रास होत असतो. आणि रोज गोळी घेणाऱ्या मला त्यांचा काळजीनं उतरलेला चेहरा बघून बरं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते.

पुढं त्यांच्याच यकृतात गाठ निघाली, पसरलेली. शेवटचं भेटलो तेव्हा उशीला टेकून पडले होते. "गोळी?" एवढंच विचारलं. निदान तेव्हा तरी हो म्हणायचं होतं. शीला बाजूला उभी होती. "बघू," मी म्हणालो. ते माझ्या पायांकडे बघत राहिले. मला वाटलं, थकले.

तेरावं झाल्यावर वत्सलाताईंनी मला बाजूला घेतलं. "मोहनराव, पायांची सूज तशीच आहे?" मी खाली बघितलं. चपलेचा पट्टा रुतला होता. मी ते दुकानात दिवसभर उभं राहण्यावर ढकललं होतं.

"त्या दिवशी तुम्ही गेल्यावर हे म्हणाले, अगं, मोहनराव गोळी घेतायत, कणे. घोटे सुजलेत, बीपीच्या एका गोळीनं काहींना होतं तसं. डॉक्टर बदलून देतील. पण सूज बघून मोहनराव आपणच गोळी बंद करतील, स्वल्प लक्ष ठेव. माझं नाव काढू नको, त्यांना आवडत नाही." त्या ओशाळल्या. "आणि मी नाव काढलंच."

"रागावले होते?"

"छे. त्या दिवशी चांगले झोपले."

डॉक्टरांनी पाय दाबून बघितले, सुजेत अंगठ्याचा खळगा तसाच राहिला; त्यांनी गोळी बदलली. शीलाला सगळं सांगितलं. ज्या वाक्याची मला भीती होती ते ती बोलली नाही, फक्त रडली. ते रडणं कुणासाठी, हे मी अजून ठरवत असतो. माझा स्वभाव काही गेलेला नाही. सदानंदरावांनी सगळं ओळखलं आणि ओळखल्याचं श्रेय मात्र टाळलं... त्यांच्या कुठल्याच गोष्टीचा मला इतका हेवा वाटला नव्हता.

हल्ली अंघोळीनंतर कॉटवर बसून मी घोट्यावर अंगठा दाबून धरतो, मग उचलतो. आता खळगा पडत नाही. तरी बराच वेळ पायांकडे बघत राहतो, ते बघत होते तसा.