आत्याची खिडकी

सरकारने आमच्या आत्याला नोकरी दिली असती, तर नागपूर जिल्ह्यात आजवर एकाही मुलाला शिष्यवृत्ती मिळाली नसती. तिला नोकरी मिळाली नाही, म्हणून कामठीतल्या आमच्या गल्लीत ती सगळ्यांना मिळते.

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की आत्या स्वयंपाकघराच्या खिडकीतले तिखटमिठाचे डबे बाजूला करते, चष्मा लावते आणि आत स्टुलावर बसते. बाहेर गल्लीत मुलं फाइली घेऊन उभी. कॉलेजच्या खऱ्या खिडकीवरून अर्ज परत येऊ नये म्हणून तो आधी आत्याच्या खिडकीवरून परत यायचा, हा आमच्याकडचा रिवाज आहे. एकच मुलगी असली तरी रांग लावावी लागते. आत्या मान वर न करता ‘पुढचा’ म्हणते. शेजारची मुलगी सगळे कागद घेऊन आली, तर आत्याने फोटोवर बोट ठेवलं. “फोटोत काहून हसून राहिली वं? फी माफ पाहिजे म्हणते अन् दात दाखवते. परत.” हे तपासायचं वेड पुढे घरच्यांपर्यंत पसरतं. आई तिच्याकडे वाटीभर साखर मागायला गेली, तेव्हा मागची वाटी परत केल्याचा पुरावा तिला द्यावा लागला होता.

गेल्या वर्षी माझी पाळी आली. नागपूरला इंजिनीअरिंगला नंबर लागला होता, पण फी माफीचा अर्ज शेरा मारून परत आला: वडिलांच्या कामाचा पुरावा जोडा. मुदत पाच दिवस. फी भरणं शक्यच नव्हतं; कागद गेला नाही तर जागा जाणार. बाबा पॉवरलूमवर आहेत. तिथे पगाराची चिठ्ठी नसते, फक्त पगार असतो, तोही कधीकधी. मी बाबांच्या कामगार युनियनच्या पत्रकांवर वाढलेली. मी उत्तरादाखल तीन पानं लिहिली. सुरुवात होती, ‘घामाला पावती नसते’. आत्याने तिन्ही पानं वाचली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “भल्लं चांगलं लिहिलं वं. पण याच्यावर शिक्का कुठं मारायचा?”

मग मला घेऊन ती लूमच्या मालकाकडे गेली. तो म्हणाला, “बाई, आम्ही कोणाले लिहून देत नाही. लिहून दिलं की उद्या हक्क मागतात.” मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने माझ्या पायावर पाय दिला. तिने समोरची खुर्ची ओढली, चष्मा लावला, फाइल उघडली आणि मान वर न करता विचारलं, “नाव?”

त्याने सांगितलं.

“आधार कार्ड?”

आणि त्या माणसाने खिशातून आधार कार्ड काढलं. समोर कोणी असं बसलं की आपल्याकडे हात आपोआप खिशात जातो. आत्या आधी फोटोकडे आणि मग बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. “लाइट बिल?” तो ड्रॉवर उपसायला लागला. तिसऱ्या कागदापर्यंत त्याला घाम फुटला होता.

“अन् माझा भाऊ तुमच्याकडं किती वर्षं झाले?”

“एकोणीस.”

“मंग तेवढंच लिहा. मी म्हणून राहिली म्हणून नाही, तुम्हीच म्हणता म्हणून.”

त्याने लिहिलं, शिक्का मारला. आत्याने कागद उजेडात धरला. “शिक्का तिरपा आहे. दुसरा मारा.”

शेवटच्या दिवशी आम्ही कॉलेजच्या खिडकीसमोर उभे होतो. क्लार्क कागद उलटत होता आणि सगळ्या गल्लीला घाम फोडणाऱ्या माझ्या आत्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. क्लार्कने पोच दिली आणि म्हणाला, “पुढचा.” आत्या हलेना.

“म्हणजे परत नाही पाठवत?”

“नाही बाई. झालं तुमचं.”

परतीच्या ऑटोत ती म्हणाली, “बारावीनंतर माझा फी माफीचा अर्ज तीनदा परत आला होता. दोनदा कागद कमी होते. तिसऱ्यांदा सगळे होते. मी सुधारून घेऊन गेली, तर खिडकी बंद. तारीख निघून गेली होती.”

“तिसऱ्यांदा काय चुकलं होतं?”

“फोटोत हसली होती मी.”

कामठी येईपर्यंत तिने माझी पोच दोन्ही हातांत धरून ठेवली. मला दुमडू दिली नाही.